बाल्कनी धरून की सोडून? क्रूझच्या खोलीचं माप सरळ सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की तुमच्या पुरवणीत टूरच्या जाहिराती सुरू होतात, त्यात आता केरळ राजस्थानच्या जोडीला क्रूझच्या जाहिराती पण बऱ्याच दिसतात, सिंगापूरची आहे, दुबईची आहे, मुंबईहून गोव्याची आहे, आणि फोटो बहुतेक एकाच छापाचा, कोणीतरी हातात कप घेऊन बाल्कनीत बसलंय आणि समोर निळा समुद्र. खाली 'बाल्कनी रूम' आणि भाव. खोली केवढी आणि बाल्कनी केवढी हे काही सापडत नाही, सापडलंच तर एकच आकडा असतो, आणि त्या एका आकड्यानेच आमचा घोटाळा झाला म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय पण शक्य तेवढं छापा ही विनंती, कारण आमच्यासारखी माणसं आयुष्यात एकदा असा खर्च करतात.

आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या. माहेर निफाडचं, सासर नाशिक, सगळा जन्म गोदावरीच्या आजूबाजूला गेला, समुद्र बघितला तो एकदाच, जुहूला, संध्याकाळच्या गर्दीत. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर मोठी बोट बघून म्हणाल्या, मला एकदा पाण्यात राहून समुद्र बघायचाय गं, काठावरून नको. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, साडीसुद्धा आम्हीच आणायची, त्यामुळे ह्यांनी लगेच मनावर घेतलं. आता गुडघ्यांमुळे त्यांना वॉकर लागतो, डेकवर दिवसभर हिंडणं काही जमणार नाही, म्हणून आम्ही आधीच ठरवलं की घ्यायची तर बाल्कनीवालीच रूम घ्यायची, त्या आपल्या निवांत खुर्चीत बसतील, इथे इंदिरानगरला घरी बसतात तशा. घरची बाल्कनी नऊ बाय चार आहे, तिथे त्यांची खुर्ची, तुळस आणि सकाळी मेथी निवडायची परात एवढं मावतं, आणि दुपारचा चहा झाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांशी तिथूनच गप्पा, त्यांचा अर्धा दिवस बाल्कनीतच जातो म्हणा ना.

शरणपूर रोडला एका ऑफिसात गेलो. माणूस बोलायला चांगला, घाई केली नाही, चहा पाजला. नंतर व्हॉट्सॲपवर पाठवलं, बाल्कनी केबिन, १९ स्क्वेअर मीटर, तीन जणांची सोय. एक स्क्वेअर मीटर म्हणजे पावणेअकरा स्क्वेअर फूट, म्हणजे १९ चे झाले २०४. आमचे हे सातपूरच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात ३१ वर्षं होते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर ह्यांचं समाधान होत नाही, सोसायटीच्या गच्चीवर गेले आणि खडूने दहा बाय वीसची खोली आखली, बेड आखला, सोफा आखला, बाथरूम आखलं, आणि सासूबाईंना लिफ्टने वर नेऊन त्या चौकोनातून वॉकर घेऊन चालवून बघितलं. आरामात फिरल्या. बाल्कनी त्या चौकोनाच्या बाहेर धरली होती, दोन खुर्च्या आणि वॉकर राहील एवढी. आतली बिनखिडकीची खोली आणि बाल्कनीची खोली यात माणशी १९ हजारांचा फरक होता, तिघांचे ५७ हजार जास्त, पण गच्चीवरचं ते चित्र बघून आम्ही दुसऱ्याच दिवशी ॲडव्हान्स भरला.

बोटीवर गेल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते बॅगेतून टेप काढली. खोलीची आतली रुंदी साडेआठ फूट, लांबी वीस, म्हणजे १७०. बाल्कनी साडेआठ बाय चार, म्हणजे ३४. बेरीज बरोबर २०४. म्हणजे सांगितलेला आकडा खोटा नव्हताच, फक्त त्यात बाल्कनी धरलेली होती आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या १७० मध्येसुद्धा बाथरूम आलं, कपाट आलं, दारातून आत येतानाचा बोळ आला, उरलेल्या जागेत जोडून ठेवलेले दोन बेड, टेबल आणि सोफा. दीड फुटाने खोली अरुंद झाली म्हणजे काय होतं ते सांगते, बेडच्या पायथ्याशी वॉकर जात नाही. एवढंच होतं पण ज्याला वॉकर लागतो त्याच्यासाठी ते सगळं असतं.

आणि तिसऱ्या माणसाची सोय म्हणजे तो सोफा. रात्री उघडला की त्याचा बेड होतो. सासूबाईंना बेडवर झोपवलं, मी सोफ्यावर, आणि सोफा उघडल्यावर बाल्कनीच्या दाराकडे जायची वाटच बंद. त्या रोज पहाटे साडेपाचला उठतात, तशा तिथेही उठल्या आणि अंधारात हळूच विचारलं, उजाडलं का गं, सूर्य कुठल्या बाजूने येतो. मग मी उठले, अंथरूण काढलं, सोफा मिटला, ह्यांनी दार सरकवलं, खाली चांगला तीन चार इंचांचा उंबरा होता, वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा आणि मग त्यांना धरून पलीकडे न्यायचं. पलीकडे दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल यातच चार फूट संपलेले, वॉकर टेकवायला जागा नाही, शेवटी ह्यांनी एक खुर्ची उचलून आत आणली तेव्हा त्या बसल्या. बसल्यावर समोर समुद्र दिसायला हवा ना, तर आमच्या खाली लाइफबोटी टांगलेल्या होत्या, बसलं की त्यांची केशरी छपरं आणि वरती आभाळ, पाणी बघायचं तर उठून रेलिंगला धरून वाकायचं. त्यांनी तिथूनच सूर्याला हात जोडले आणि म्हणाल्या छान आहे हो. त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द आला नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे जाग येऊनही त्या उठल्या नाहीत, आम्हाला त्रास नको म्हणून डोळे मिटून पडून राहिल्या, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

आता माझं म्हणणं. २०१९ ला मुलाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हाच्या ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट वेगळं आणि बाल्कनी वेगळी, दोन आकडे स्वच्छ लिहिलेले होते. रेराचा कायदा २०१६ चा, आपल्याकडे महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं, आणि त्यातल्या कार्पेटच्या व्याख्येतच लिहिलंय की घरातली वापरायची जागा धरायची, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरायचं नाही. त्याआधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना लिफ्ट लॉबी सगळं आपल्या गळ्यात मारायचे ते नाशिककरांना आठवत असेल, पाथर्डी काय गंगापूर रोड काय, कागदावर हजार आणि हातात साडेसहाशे. आपण लोक फ्लॅट घेताना आता पहिला प्रश्न कार्पेट किती हाच विचारतो, अगदी माझ्या भाचीच्या सासूबाई सुद्धा विचारतात, आणि तीच माणसं क्रूझ बुक करताना हा प्रश्न विसरतात कारण तिथे असं काही विचारायचं असतं हेच माहिती नसतं. बोटीला रेरा लागू नाही हे मला कळतं, पण सवय तर लागू करता येईल.

परत आल्यावर ह्यांनी महिनाभर बसून वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे काढले आणि वहीत उतरवले, त्यात कळलं की आकडा द्यायची पद्धतच सगळ्यांची वेगळी आहे. कार्निव्हल कंपनी साधारण बाल्कनीच्या खोलीला १८५ स्क्वेअर फूट आणि बाल्कनी ३५ असं वेगवेगळं देते. प्रिन्सेस कंपनीच्या रॉयल प्रिन्सेस जातीच्या बोटींवर आकडा आहे २२२, पण तो बाल्कनीसकट. आता १८५ आणि २२२ हे दोन आकडे शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल दुसरी खोली मोठी, आणि १८५ मध्ये ३५ मिळवा, २२० झाले, दोन फुटांचा फरक, म्हणजे खोल्या जवळजवळ सारख्याच. रॉयल कॅरिबियनच्या आयकॉन ऑफ द सीजवर साध्या बाल्कनीच्या खोलीला २०४ आणि बाल्कनी ५० असं आहे. आमचा पण आकडा २०४ च होता बघा! पण तिथे ते खोलीचे आहेत आणि बाल्कनी वरून, आमच्यात बाल्कनी आतून. डिस्नेच्या मॅजिक आणि वंडर या जुन्या बोटींवर २६८ दिसतो तो पण व्हरांडा धरून. शिवाय युरोपातल्या कंपन्या मीटरमध्ये देतात आणि अमेरिकेतल्या फुटांत, इथला एजंट जे हातात येईल ते पुढे फॉरवर्ड करतो. यात कंपन्यांनी काही लपवलंय असं नाही, आकड्यापुढे बाल्कनीसकट आहे असं त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं, ते दोन शब्द आपल्यापर्यंत येईपर्यंत गळून पडतात, आणि माझी सगळी तक्रार त्या गळलेल्या दोन शब्दांबद्दल आहे.

बाल्कनी हा शब्द पण एकाच गोष्टीसाठी वापरत नाहीत हे मला नव्याने कळलं. २००९ ला ओॲसिस ऑफ द सीज आली तिच्यात बोटीच्या मधोमध बाग केलीय, आणि त्या बागेकडे तोंड करून असलेल्या खोल्यांना पण बाल्कनी आहे, म्हणजे समोर समुद्र नाही, समोरच्या माणसाची बाल्कनी आणि खाली झाडं. स्वस्त पडतात, ज्याला चालतं त्याने जरूर घ्यावी, पण माहिती असून घ्यावी. २०१८ च्या सेलेब्रिटी एजवर वेगळाच प्रकार, बाल्कनी अशी बाहेर नाहीच, खोलीच थेट बोटीच्या कडेपर्यंत नेलीय आणि बटण दाबलं की वरची अर्धी काच खाली सरकते, तिथे २४३ स्क्वेअर फूट सांगतात त्यातले ४२ त्या काचेजवळच्या भागाचे. ह्यांना ती कल्पना आवडली कारण खोली खरंच मोठी वाटते आणि मधलं दार लावलेलं नसलं तर सगळी जागा एकच, मला नाही आवडली, मला उघड्यावर बसल्यासारखं वाटायला पाहिजे. काही ठिकाणी फ्रेंच बाल्कनी म्हणतात तिथे तर दार उघडतं आणि लगेच रेलिंग, पाय ठेवायला जागाच नाही.

आणि एकाच बोटीवर एकाच भावाच्या खोल्यांमध्ये पण फरक असतो. मागच्या टोकाच्या खोल्यांना बऱ्याचदा खोल बाल्कनी मिळते पण मग बोट हलते तेव्हा टोकाला जास्त जाणवतं, मधल्या आणि खालच्या डेकवर कमी. बोटीचा मधला भाग कुठे बाहेर आलेला असतो तिथे वरची बाल्कनी खालच्यावर सावली धरते, आणि कुठे पायऱ्या पायऱ्यांसारखं असतं तिथे वरच्या मजल्यावरून लोकांना आपण सगळे दिसतो. कुठे रेलिंग काचेचं, कुठे निम्म्यापर्यंत पत्रा, आणि पत्रा असला की खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला समुद्र दिसतच नाही, फक्त पत्रा दिसतो. डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक आला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. दोन खोल्यांच्या मध्ये जोडणारं दार असलं तर शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. हे सगळं डेक प्लॅनवर, म्हणजे बोटीच्या मजल्यांच्या नकाशावर कळतं, तो नेटवर फुकट असतो, खोलीचा नंबर हातात असला की पाच मिनिटांचं काम. पण गॅरंटी म्हणून जी स्वस्तातली बुकिंग असते तिच्यात नंबर कंपनी नंतर देते, आमची तीच होती, आणि गॅरंटी या शब्दाचा आम्ही उलटा अर्थ घेतला, आम्हाला वाटलं चांगल्या खोलीची गॅरंटी, ती असते फक्त त्या प्रकारची किंवा त्याच्या वरची खोली मिळेल एवढ्याची, कुठली ते त्यांनी ठरवायचं.

स्क्वेअर फुटापेक्षा सुद्धा मी म्हणेन बाल्कनी किती खोल आहे ते विचारा, म्हणजे दारापासून रेलिंगपर्यंत किती फूट. ३५ स्क्वेअर फूट पावणेनऊ बाय चारची पण होते आणि सात बाय पाचची पण होते, आणि बसणाऱ्याला या दोन्हीत खूप फरक पडतो, चार फुटांत खुर्ची ठेवली की गुडघे रेलिंगला लागतात, पाच फुटांत पाय लांब करता येतात. आणि घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असेल तर साधी खोली घेऊच नका, अपंगांसाठी वेगळ्या खोल्या असतात, दारं रुंद, साधारण ३२ इंच, बाथरूमला उंबरा नाही, आत वळायला जागा, नेहमीच्या खोलीचं दार बऱ्याच बोटींवर २२-२३ इंचांचंच असतं. पण या खोल्या अगदी मोजक्या असतात आणि लवकर जातात, त्यामुळे एजंटला पहिल्या भेटीतच सांगायचं. आम्हाला अशी खोली असते हेच कुणी सांगितलं नाही, समोर वॉकर घेऊन बसल्या होत्या त्या.

बाल्कनी सगळ्यांनी घ्यावीच असं पण नाही. १९८४ ला रॉयल प्रिन्सेस नावाची बोट आली (वर सांगितली ती नव्हे, त्याच नावाची जुनी) तिच्यात सगळ्याच खोल्यांना बाहेरची बाजू होती आणि बऱ्याच खोल्यांना बाल्कनी, तेव्हा ते नवल होतं, पुढे नव्वदनंतर हळूहळू सगळ्यांनीच ओळीने बाल्कन्या काढायला सुरुवात केली. त्यामुळे बोट कधीची आहे यावरूनच बरंच कळतं. मुंबईहून जी एम्प्रेस जाते ती मूळची १९९० ची, बांधली तेव्हा नॉर्डिक एम्प्रेस नाव होतं, साहजिकच तिच्यात बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. मुंबई गोवा दोन रात्रींसाठी जाणाऱ्यांनी खिडकीची खोली घेतली तरी काही बिघडत नाही, दिवसभर तुम्ही जेवणात आणि डेकवरच असता. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला खोलीतूनच समुद्र बघायचाय त्याच्यासाठी बाल्कनी म्हणजेच सगळी ट्रिप, आणि तिथे फुटाफुटाचा हिशोब लागतो.

म्हणून नाशिकच्या टूरवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कोटेशनमध्ये दोन आकडे वेगळे लिहा, खोली एवढी, बाल्कनी एवढी, दोन्ही फुटांत, आणि तिसऱ्या चौथ्या माणसाचा बेड कुठे उघडतो ते लिहा, आणि समोर लाइफबोट येते का ते लिहा. चार ओळींचं काम आहे, माहिती कंपनीकडे असते, फक्त मागवायची. आणि संपादक साहेब, तुमच्याकडे विनंती अशी की पुरवणीत या जाहिराती घेताना हे दोन आकडे टाकायला सांगता आले तर बघा, फ्लॅटच्या जाहिरातीत महारेराचा नंबर आता सगळे टाकतातच की.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे सिन्नरला असतात, ते येत्या फेब्रुवारीत जाणार आहेत. आम्ही दोघं त्यांच्याबरोबर एजंटकडे गेलो आणि ह्यांनी वही उघडून खोली सोडून बाल्कनी किती एवढंच विचारलं. आधी म्हणाले असं कोणी विचारत नाही. आम्ही म्हटलं ॲडव्हान्स त्यानंतर भरू. तिसऱ्या दिवशी मेल आला, खोली १८२, बाल्कनी ५०, खोलीचा नंबर, डेकचा नकाशा, खाली लाइफबोट नाही, रेलिंग काचेचं. मेहुण्यांनी तो कागद प्रिंट काढून पावतीला टाचून ठेवलाय. तिसरी बर्थ लागली तर ती वरून खाली येते, सोफ्याची नाही, बाल्कनीची वाट मोकळी राहते, हे पण त्यात लिहिलंय, आणि ते वाचून बहिणीने फोन केला की आईंना विचार, आमच्याबरोबर येतात का. सासूबाई अजून हो म्हणाल्या नाहीयेत, पण परवा ह्यांना म्हणाल्या, गच्चीवर पुन्हा एकदा आखून दाखव बरं.

आपली,
एक जुनी वाचक,
इंदिरानगर, नाशिक